भट्टी आणि डोंगर : महाड-पोलादपूर परिसरातील कोळशाच्या इतिहासाचा एक विचार

१

इंधनाचा इतिहास बहुधा खाणीपासून किंवा यंत्रापासून सांगावयास प्रारंभ होतो. मराठी भाषेची साक्ष घेतली तर तो प्रारंभ वेगळ्या ठिकाणी करावा लागतो. जुन्या मराठीत नुसते 'कोळसा' म्हटले की लाकूड अर्धवट जाळून केलेला कोळसाच अभिप्रेत असे. भूगर्भातून निघणारा पदार्थ परिचयाचा झाला तेव्हा त्याला 'दगडी' हे विशेषण लावावे लागले. जे मूळचे आणि घरचे, त्याला विशेषण लागत नाही. जे नवे, त्याला ते लागते. पुढे आगगाडी, गिरणी आणि वीज यांच्या योगे दगडी कोळसा इतका प्रबळ झाला की विशेषणाचे ओझे उलट बाजूस सरकले. आज वर्तमानपत्रात 'कोळसा' म्हणजे खाणीतला कोळसा. लाकडाच्या कोळशास मात्र 'लोणारी कोळसा' असे सांगून ओळखावे लागते.

हे दुसरे विशेषणही विचार करण्याजोगे आहे. लोणारी म्हणजे चुना व कोळसा भाजण्याचा व्यवसाय परंपरेने करणारी जात. परंतु कुलाबा जिल्ह्याच्या (१ जानेवारी १९८१ पासून रायगड) डोंगरपट्ट्यात कोळसा पाडण्याचे कष्ट विसाव्या शतकात मुख्यतः कातकऱ्यांच्या वाट्यास आले. म्हणजे मालास नाव एका समाजाचे आणि घाम दुसऱ्याचा. कातकरी अथवा काथोडी हे नाव तर तिसऱ्याच व्यवसायाचे स्मारक आहे : खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. कात करणारा समाज कोळसा करणारा का झाला, या प्रश्नाच्या उत्तरात महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतील कोळशाचा बराचसा इतिहास सामावलेला आहे. कोळशाची पर्यावरणीय व मानवी किंमत हा विषय सामान्यतः खाणींच्या प्रदेशाचा मानला जातो. जेथे एकही खाण नाही अशा या प्रदेशास ती किंमत कशी द्यावी लागली, हे पाहणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन होय.

२

प्रथम भूमीचा विचार करू. महाड-पोलादपूरचा प्रदेश सर्वस्वी काळ्या पाषाणाचा आहे. दख्खनच्या ज्वालामुखीय थरांत दगडी कोळसा सापडत नाही. महाराष्ट्रातील कोळसा आहे तो वर्धा-वैनगंगेच्या खोऱ्यांकडील गोंडवन खडकांत, म्हणजे चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर या जिल्ह्यांत. सावित्री नदी महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते, पोलादपुराजवळून पश्चिमेस वाहते, महाडजवळ गांधारी व पुढे काळ या नद्यांचे पाणी घेते आणि बाणकोटच्या खाडीने समुद्रास मिळते. भरतीचे पाणी महाडपर्यंत चढत असल्यामुळे महाड हे समुद्रापासून आत असूनही बंदर होते. वरंध्याच्या घाटाने देशावरचा माल येथे उतरे आणि गलबतांतून मुंबईकडे जाई. त्याच्या पूर्वेस पोलादपूरच्या बाजूला मात्र दऱ्या अरुंद, उतार तीव्र आणि वाटा डोक्यावरच्या ओझ्यापुरत्या.

या भूरचनेत कोळशाच्या धंद्याचे अर्थशास्त्र दडलेले आहे. मातीने लिंपलेल्या साध्या भट्टीत एक किलो कोळसा मिळण्यास सामान्यतः पाच ते आठ किलो लाकूड लागते. हवेत वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे १५ मेगाज्यूल उष्णता असते, तर एक किलो कोळशात सुमारे ३०. सहा किलो लाकडातील ९० मेगाज्यूलांपैकी ग्राहकाच्या शेगडीपर्यंत ३० पोहोचतात. उरलेले दोनतृतीयांश भट्टीतच धूर होऊन जातात. इंधन म्हणून ही शुद्ध उधळपट्टी होय. तरीही ती परवडत असे, कारण वाहतुकीचा हिशेब उष्णतेवर होत नाही, वजनावर होतो. सहा ओझी लाकूड खाली उतरवण्यापेक्षा एक ओझे कोळसा उतरवणे व्यापाऱ्यास स्वस्त पडे. खाडीकाठचे लाकूड लाकूड म्हणूनच विकले जाई. जे रान जितके आतले आणि जितके चढावरचे, ते कोळशाच्या रूपानेच बाजारात येऊ शकत होते. ज्या उतारांवर झाडांची मुळे सर्वाधिक आवश्यक, तेच उतार या धंद्यास सर्वाधिक सोयीचे ठरावेत, हा केवळ दैवयोग नव्हे. तो बाजारपेठेच्या तर्काचा परिणाम आहे.

३

या रानावर पूर्वी कोणाचा हक्क होता आणि तो कसा बदलला, हे पाहिल्याशिवाय भट्टीवरचा माणूस समजत नाही. कोकणातील भातशेतीस 'राब' आवश्यक मानला जाई. झाडांच्या फांद्या, पाला, गवत व शेण रोपवाटिकेच्या जागेवर पसरून जाळावयाचे आणि त्या भाजलेल्या जमिनीत बियाणे पेरावयाचे, ही ती पद्धती. डोंगरावरील नाचणी-वरीच्या फिरत्या शेतीस 'दळी' म्हणत. कातकरी खैराचा कात काढी, लाकूडफाटा, मध व रानमेवा विकी, मासेमारी व शिकार करी. रान हे त्याचे भांडार होते आणि त्याच्या बदल्यात रोख मोबदला मागणारा कोणी कायमचा मालक समोर नव्हता.

१८७८ च्या वन कायद्याने ही स्थिती पालटली. राखीव व संरक्षित वनांची आखणी झाली आणि तोड, चराई, जाळणे यांवर निर्बंध आले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला की सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. राबाचा प्रश्न हा त्या चौकशीतील प्रमुख प्रश्नांपैकी एक होता. शेतकऱ्यांच्या गाऱ्हाण्यास वकील, वृत्तपत्रे व सभा यांचा आवाज मिळाला आणि राबाच्या बाबतीत काही सवलती पदरात पडल्या. कातकऱ्याचे गाऱ्हाणे त्याहून मूलगामी होते, पण ते मांडणारी संस्था त्याच्याजवळ नव्हती. खैराची मुक्त तोड बंद झाली म्हणजे त्याच्या नावातील व्यवसायच गेला. दळीचे ठरावीक पट्टे काही समूहांना मिळाले. पण ती वनखात्याने दिलेली मुभा होती, मालकी नव्हती.

येथे एक विपर्यास घडलेला दिसतो. ज्या रानात स्वतःसाठी फांदी तोडणे गुन्हा ठरला, त्याच रानात ठेकेदाराच्या वतीने झाड तोडणे हे काम ठरले. सरकारी जंगलाचे 'कूप' पाडले जात आणि लिलावाने तोडीस दिले जात. त्यांच्या जोडीला खासगी मालकीची विस्तीर्ण राने होती, तेथे व्यापारी मालकाकडून तोडीचा हक्क विकत घेई. दोन्ही ठिकाणी कुऱ्हाड चालवण्यास आणि भट्टी लावण्यास माणसे लागत. पावसाळ्यात उपासमारीच्या वेळी धान्याच्या वा पैशाच्या रूपाने 'खावटी' द्यावयाची, लग्नकार्यास 'उचल' द्यावयाची आणि ती दिवाळीनंतरच्या हंगामात श्रमाने फेडून घ्यावयाची, अशी रीत पडली. हिशेबाची वही सावकाराजवळ आणि अंगठा कातकऱ्याचा, अशा व्यवहारात कर्ज फिटण्याचे कारणच नव्हते. कातकरी हा रानाचा शत्रू असल्याचे मत त्या काळापासून प्रशासनात व सुशिक्षित समाजात रूढ झाले. कुऱ्हाड त्याच्या हाती दिसे, हे खरे. परंतु किती तोडावे, केव्हा तोडावे आणि पुन्हा किती वर्षांनी तोडावे, यांपैकी एकही निर्णय त्याचा नव्हता.

४

आता मागणीकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. या नव्या सृष्टीचे इंधन म्हणजे दगडी कोळसा. आरंभी तो इंग्लंडहून जहाजांनी येई. पुढे बंगाल-बिहारच्या खाणींतून येऊ लागला. त्याच कोळशावर चालणाऱ्या आगबोटी कोकणच्या बंदरांना जोडू लागल्या. बाणकोटच्या खाडीतून दासगावपर्यंत हा प्रवास होई. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्याबरोबरचे प्रतिनिधी मुंबईहून याच जलमार्गाने दासगावास आले होते. वाफेने या खोऱ्यास नवे जग दाखवले, हे नाकारण्याचे कारण नाही.

दगडी कोळशामुळे जंगले वाचली, असे प्रतिपादन अनेकदा केले जाते. इंजिनाच्या भट्टीपुरते ते खरे आहे; आगगाडीने लाकूडच जाळत राहावयाचे ठरवले असते तर सह्याद्रीची राने कितीतरी लवकर संपली असती. परंतु हा हिशेब अपुरा आहे. दगडी कोळशाने गिरण्या चालल्या, गिरण्यांनी माणसे ओढली आणि त्या माणसांना दोन वेळा चूल पेटवावी लागली. मुंबई शहराची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे पावणेआठ लाख होती; १९५१ मध्ये बेटावरील शहराचीच ती २३ लाखांवर गेली. यांपैकी फार मोठा वर्ग चाळीतील एका खोलीत राहणारा होता आणि त्यात रत्नागिरी-कुलाब्याकडील माणसांचा भरणा लक्षणीय होता. अशा खोलीत लाकडाची चूल म्हणजे धुराचे कोंडवाडे. दगडी कोळसाही घरगुती स्वयंपाकास उग्र. कोळशाची शेगडी मात्र कमी जागेत, कमी धुरात चाले. इस्त्रीवाला, सोनार, लोहार, खानावळी यांनाही तोच कोळसा लागे. म्हणजे शहरातील खोली धुरापासून काही अंशी मुक्त झाली ती धूर नाहीसा झाला म्हणून नव्हे, तर तो अगोदरच डोंगरात सोडून दिलेला होता म्हणून. दगडी कोळशाने लाकडी कोळशास हटवले नाही. त्याने शहर वाढवून त्याचे गिऱ्हाईक वाढवले. महाड-पोलादपूरच्या दृष्टीने हे दोन कोळसे प्रतिस्पर्धी नव्हते, भागीदार होते.

दुसऱ्या महायुद्धात ही भागीदारी आणखी स्पष्ट झाली. पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी व मालमोटारी यांना कोळशापासून वायू निर्माण करणारी यंत्रे बसवण्यात आली आणि लाकडी कोळसा रस्त्यावरच्या वाहतुकीचेही इंधन झाला.

कोळशास पर्याय शोधण्याचा जो मोठा प्रयत्न याच प्रदेशाशेजारी झाला, त्याचीही नोंद येथे अवश्य घेतली पाहिजे. गिरण्यांना दूरच्या कोळशावर अवलंबून राहावे लागू नये म्हणून टाटांनी सह्याद्रीच्या पाण्यापासून वीज काढली. खोपोलीची वीज १९१५ मध्ये मुंबईस पोहोचली, भिवपुरीची १९२२ मध्ये आणि भिऱ्याची १९२७ मध्ये. ही तिन्ही केंद्रे आजच्या रायगड जिल्ह्यातली. भिऱ्यास पाणी पुरवणाऱ्या मुळशीच्या धरणासाठी मावळातील गावे पाण्याखाली गेली आणि १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट प्रभृतींच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. सत्याग्रह धरण थांबवू शकला नाही. कोळशाचा धूर टळला तो जलविद्युतीमुळे, हे खरे. पण त्याचीही किंमत डोंगरातील माणसानेच दिली. इंधन बदलले तरी देणेकरी बदलत नाही, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे.

५

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था काढण्याचे धोरण आले. ठेकेदारास बाजूला सारून तोडीचा लाभ मजुरास मिळावा, हा त्यामागील उद्देश स्तुत्य होता. परंतु कुलाब्याच्या कातकऱ्यांची स्थिती प्रशासकीय दृष्ट्या अडचणीची होती. १९३६ च्या आदेशान्वये मुंबई प्रांतातील जे प्रदेश 'अंशतः वगळलेले' म्हणून विशेष देखरेखीखाली आले, त्यांत ठाणे, नाशिक, खानदेश इत्यादींचे भाग होते. कुलाबा जिल्हा नव्हता. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांतही या जिल्ह्याचा समावेश झाला नाही. कातकरी येथे विखुरलेले, प्रत्येक गावाच्या कडेला एखादी वाडी अशा रीतीने राहणारे. ते कोठेच बहुसंख्य नसल्याने कोणताच भूभाग त्यांचा ठरला नाही. पुढे शासनाने त्यांची गणना महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत केली. अन्य दोन कोलाम व माडिया गोंड. समूहास संरक्षण मिळाले, परंतु ज्या जमिनीवर तो उभा होता तिला मिळाले नाही.

यानंतरच्या तीन दशकांत धंद्याचा भूगोल बदलला. रॉकेलचा स्टोव्ह आणि त्यामागून स्वयंपाकाचा गॅस शहरांत पसरला आणि शेगडी मागे पडली. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने झाडतोडीस परवानगीचे बंधन घातले. १९७५ च्या कायद्याने खासगी वने शासनाकडे आली. १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा संमत झाला. कागदोपत्री पाहता रान, बाजार आणि श्रम या तिन्ही अंगांनी भट्टीचा शेवट जवळ आला होता.

भट्टी विझली नाही. ती देशावर सरकली. दुष्काळी भागातील ओसाड माळांवर वेडी बाभूळ माजली होती आणि तिचा कोळसा हॉटेले व कारखानदारी यांना हवा होता. कोळसा पाडण्याचे कसब असलेली माणसे कोकणात होती. मुकादम पावसाळ्यात वाडीवर येतो, उचल देतो आणि दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात नेतो. लाकूड तोडणे, सारखे तुकडे करून रचणे, पाला व ओली माती यांनी लिंपणे, आग देणे आणि मग कित्येक दिवस रात्रंदिवस राखण करणे, असा हा क्रम आहे. लिंपणास भेग पडली आणि हवा शिरली तर कोळशाची राख होते. म्हणून झोप अशी नसतेच. भट्टी फोडताना धगधगता ढीग पाण्याने व मातीने विझवावा लागतो, त्यात पाय भाजतात. धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो. मोबदला पोत्यावर मिळतो, दिवसावर नाही. आणि पोते भरते ते नवरा, बायको व मुले यांच्या एकत्रित श्रमाने, पण वहीत नाव चढते एकाचेच. शाळेचे वर्ष जूनला सुरू होते आणि भट्टीचे कार्तिकात. या दोन पंचांगांच्या मध्ये कातकरी मुलाचे शिक्षण तुटते. कायद्याने बंद झालेला संबंध अशा रीतीने हंगामी कराराच्या वेषात चालू राहिला.

६

आता प्रश्न भूमीचा. २००५ च्या जुलै महिन्यात महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. २२ जुलै २०२१ रोजी त्याच तालुक्यातील तळीये येथे वाडीच्या वाडी गाडली गेली आणि ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडींचे बळी गेले आणि महाड शहर पाण्याखाली होते. या आपत्तींचे खापर कोळशाच्या भट्ट्यांवर फोडणे सोपे, पण अशास्त्रीय होईल. अल्पावधीतील प्रचंड पर्जन्य, पाषाणावरील झिजलेल्या मातीचा जाड थर आणि उताराचा कोन ही प्रत्यक्ष कारणे आहेत. शिवाय खोडापासून तोडलेल्या झाडास पुन्हा फुटवे आले तर त्याची मुळे जिवंत राहतात व माती धरून ठेवतात. तेव्हा तोड झाली की दरड आली, असा सरळ नियम सांगता येत नाही. नियम सांगता येतो तो एवढाच की, रानास पुन्हा वाढण्यास लागणारा काळ मिळाला नाही, खुंटही मेले आणि गुरे-वणवे यांनी फुटवे खाल्ले, तर काही वर्षांत मुळे कुजतात आणि उताराचा एक आधार नाहीसा होतो. बाजाराची घाई आणि मुळांचा सावकाशपणा यांतील अंतर हीच कोळशाची पर्यावरणीय किंमत होय.

दगडी कोळशाची किंमत येथे आणखी दूरच्या मार्गाने येते. महाराष्ट्राची वीज आजही प्रामुख्याने कोळशाच्या केंद्रांतून येते. चंद्रपूरसारख्या ठिकाणी खाण, राख व धूर यांचे ओझे तेथील रहिवासी वाहतात आणि दिवा महाडच्या कारखान्यात किंवा मुंबईच्या घरात लागतो. त्या धुरातील कर्बवायू मात्र चंद्रपुरात थांबत नाही. हवेचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले तर तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि पावसाचे जोरदार तडाखे अधिक संभाव्य होतात. कोणतीही एक दरड एका विशिष्ट चिमणीच्या माथी मारता येत नाही. तथापि ज्या खोऱ्याच्या खडकात कोळशाचा कणही नाही, त्याच्या डोक्यावरच्या ढगांत मात्र जगभरच्या कोळशाचा अंश आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

७

या विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, इंधनाची बाजारातील किंमत एका ठिकाणी ठरते आणि खरी किंमत दुसऱ्या ठिकाणी चुकती होते. पोत्याच्या दरात रानाची वाढती वर्षे कधी धरली गेली नाहीत. उचलीच्या वहीत मुलाच्या शाळेचे वर्ष कधी जमेस आले नाही. दुसरा निष्कर्ष असा की, नवे इंधन आले म्हणजे जुन्याचे कष्टकरी आपोआप मुक्त होत नाहीत. लाकडी कोळशावर दगडी कोळसा आला, त्यावर जलविद्युत आली, गॅस आला. पण प्रत्येक वेळी डोंगरातील माणसास नवे हक्क न मिळता केवळ नवे मालक मिळाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने दळीच्या जमिनीवर दावा सांगण्याची वाट प्रथमच कायदेशीर केली. तिचे महत्त्व यासाठी की, आपल्या वाडीच्या रानावर ज्याचा हक्क आहे त्याला दिवाळीनंतर मुकादमाच्या मालमोटारीत चढण्यास नकार देता येतो. आज कोळशाकडून सौर व पवन ऊर्जेकडे जाण्याची भाषा बोलली जाते. ती स्वागतार्ह आहे. परंतु त्या स्थित्यंतराची कसोटी किती धूर कमी झाला एवढीच ठेवली, तर मुळशीची आणि भट्टीची शिकवण वाया गेली असे म्हणावे लागेल.

'कोळसा उगाळावा तितका काळाच' अशी म्हण मराठीत आहे. ती वस्तूच्या स्वभावाविषयी बोलते. वस्तू काळी करणाऱ्या हातांविषयी बोलत नाही. वनखात्याच्या कार्य-आयोजना, वनगुन्ह्यांचे खटले, लिलावाची कागदपत्रे यांत त्या हातांचा उल्लेख आरोपी किंवा मजूर एवढ्याच नात्याने येतो. भट्टी रचण्याच्या, लिंपण्याच्या, धुराचा रंग ओळखण्याच्या क्रियांचे शब्द कातकरी बोलीत आहेत आणि ते जाणणारे वृद्ध अद्याप वाड्यांवर आहेत. तो शब्दसंग्रह गोळा करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आणि त्यातून श्रमाचा हिशेब मांडणे हे इतिहासकाराचे. महाड-पोलादपूरच्या संदर्भात ही दोन्ही कामे एकत्रच करावी लागतील, कारण ज्या समाजाजवळ वही नव्हती त्याचा जमाखर्च त्याच्या बोलीतच राहिलेला आहे.